शोपॅंच्या प्रिल्यूड्सचं नवं रेकॉर्डिंग: आधी डावा हात ऐका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही चाळीस वर्षं ख्याल ऐकत आलात. मुलीनं तुम्हाला एकोणिसाव्या शतकातला पोलिश संगीतकार शोपॅं याच्या 24 प्रिल्यूड्सचं, म्हणजे पियानोच्या छोट्या तुकड्यांचं (ओपस 28, म्हणजे रचना क्रमांक 28), एका तरुण पियानोवादिकेनं नुकतंच केलेलं रेकॉर्डिंग पाठवलं. ते तुम्ही दोनदा ऐकलंत. कानाला बरं वाटलं, पण पाचव्या-सहाव्या तुकड्यानंतर सगळं एकमेकांत मिसळून गेलं. एका जाणकारानं सांगितलं की वादन नको इतकं संथ आहे, दुसऱ्यानं सांगितलं की अप्रतिम आहे. यातलं खरं कोणाचं हे स्वतःच्या कानानं कसं ठरवायचं, आणि घरात वडिलांच्या वेळची याच प्रिल्यूड्सची एल.पी. आहे तिच्याशी ताडून पाहावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी पियानो शिकवते, तीस वर्षं होत आली. नवं रेकॉर्डिंग आलं की विद्यार्थ्यांना समोर बसवून ते ऐकवणं हा माझ्या शिकवण्याचाच भाग आहे. त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, आणि ख्याल ऐकणारी माणसं तो सर्वांत नेमका विचारतात.

मला वाटतं, तुमची अडचण पियानोची ओळख नसण्यापेक्षा वेगळी आहे. दोन गायकांचा यमन ऐकताना फरक ढळढळीत असतो. बंदिश वेगळी, बढत वेगळी, कोणी निषादावर रेंगाळतं तर कोणी तिथून पटकन निघतं. तुमचा कान गायकानं आज काय नवीन मांडलं ते टिपायला तयार झालाय. प्रिल्यूड्समधला एकूण एक सूर मात्र 1839 मध्ये छापला गेलाय. कोणीही वाजवलं तरी सूर तेच आणि क्रमही तोच. तुमचा कान सवयीनं नवीन मांडणी शोधत राहतो, ती मिळत नाही, आणि मग थकून सगळं ‘गोड’ या एका शब्दात गुंडाळून ठेवतो. म्हणून शोधायची जागाच बदलायला हवी. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वादकानं काय केलं, तिथे कान लावायचा.

यासाठी पियानोच्या आवाजाची एक गोष्ट पक्की लक्षात असावी. हातोडी तारेवर आपटली की त्या क्षणी सूर सर्वांत मोठा असतो. तिथून तो फक्त विरत जातो. मींड नाही, गमक नाही, लावलेला सूर मागाहून फुलवायची सोय नाही. हार्मोनियममध्येही भात्यानं सूर धरून ठेवता येतो, इथे तेवढंसुद्धा नाही. तरीही चांगला वादक पियानो गातोय असा भास निर्माण करतो. ते कसं? आधीचा सूर विरत विरत जिथवर आलाय, साधारण तेवढ्याच आवाजात पुढचा सूर ठेवायचा. तो गरजेपेक्षा जोरात पडला की ओळ तुटते, आणि आपल्याला सुटे सुटे ठोके ऐकू येतात. नव्या रेकॉर्डिंगमध्ये मी पहिली पाच मिनिटं दुसरं काहीच तपासत नाही. लांब सुरानंतरचा सूर कसा आला, एवढंच बघते.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुम्ही कशावर आणि कुठे ऐकलंत ते लिहिलेलं नाही, पण त्यानं निकाल बदलू शकतो. डोक्यावर पंखा फिरत असेल तर या संगीतातला निम्मा हळू भाग ऐकूच येत नाही. विसावं प्रिल्यूड, सी मायनरमधलं (सी, डी, ई ही पाश्चात्त्य सुरांची नावं; मायनर म्हणजे उदास छटेची पट्टी, मेजर म्हणजे उजळ), अवघ्या 13 बारचं, म्हणजे तालाच्या 13 लहान कप्प्यांचं, आहे. पहिले चार बार अतिशय मोठ्यानं, पुढचे चार हळू, मग तेच चार पुन्हा आणखी हळू, आणि शेवटी एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर. पंख्याखाली तिसरी पायरी दुसरीसारखीच वाटते, आणि आपण वादिकेला दोष देतो. म्हणून मी आवाज या प्रिल्यूडच्या पहिल्या कॉर्डवर ठरवते. ती कॉर्ड कानाला भरदार लागेल पण टोचणार नाही, इतका आवाज ठेवायचा आणि मग सगळ्या 24 तुकड्यांत त्या बटणाला हात लावायचा नाही. फोनमध्ये सगळ्या ट्रॅकचा आवाज सारखा करणारी सोय असते, ती बंद करा. ट्रॅक उलटेपालटे करून लावणारी सोय तर नक्कीच बंद करा. मुलीनं पाठवलेली लिंक त्या सोयीसकट वाजली असेल, तर सगळं मिसळून गेल्यासारखं वाटण्याचं अर्धं कारण तिथेच सापडेल.

ते असं. हे 24 तुकडे 24 पट्ट्यांमध्ये आहेत आणि त्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. आधी सी मेजर, मग तिचीच जोडीदार ए मायनर. मग सीपासून वरच्या पाचव्या सुरावर जाऊन जी मेजर आणि तिची जोडीदार ई मायनर. असं सगळं चक्र पुरं करत शेवट डी मायनरवर होतो. एक उजेडाचा, एक सावलीचा, अशी जोडी जोडीनं वाट जाते. शोपॅं स्वतः मैफलीत यातली निवडक प्रिल्यूड्स वाजवत असे. सगळी सलग वाजवायची प्रथा नंतरची आहे. पण क्रम त्याचा आहे आणि आजची बहुतेक रेकॉर्डिंग्ज तो क्रम धरूनच घडवलेली असतात.

एक गोष्ट मात्र आत्ताच करा. सगळी 24 सलग ऐकणं पंधरा दिवस थांबवा. फक्त चौथं प्रिल्यूड घ्या, ई मायनरमधलं. ते दोन-सव्वादोन मिनिटांचं आहे. मी इथे जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझ्या मते संपूर्ण रेकॉर्डिंगची परीक्षा या एका पानावर करता येते.

उजव्या हाताला इथे जवळजवळ काहीच काम नाही. एक लांब ‘बी’, त्याला वरचा ‘सी’ जरासा शिवून जातो, परत ‘बी’. बारमागून बार तेच. मग हळूच एक पायरी खाली. शिकाऊ विद्यार्थ्यालाही हे सूर पहिल्या दिवशी वाजवता येतात. सगळं घडतं ते डाव्या हातात. तीन तीन सुरांच्या कॉर्ड एकसारख्या धडधडत राहतात, आणि त्या तीन सुरांपैकी कधी एक, कधी दुसरा, अर्ध्या सुरानं खाली सरकतो. वरचा ‘बी’ हललेला नसतो, पण खालची जमीन सरकल्यामुळे त्याचा रंग बदललेला असतो. तुम्ही षड्ज न बदलता राग ऐकता. इथे वर सूर तोच आणि त्याच्याखालचा आधार बदलत जातो, हा अनुभव ख्यालात मिळत नाही. म्हणूनच तुमच्या कानाला तो मुद्दाम शिकवावा लागेल.

ऐकताना उजव्या हाताकडे दुर्लक्ष करा. खरंच, पूर्ण दुर्लक्ष. फक्त डावा हात धरा आणि कॉर्ड बदलली असं वाटलं की गुडघ्यावर बोट टेकवा. पहिल्यांदा चार-पाचच बदल हाती लागतील. चौथ्या दिवशी जवळजवळ सगळे लागतील. मग नव्या वादिकेनं तिथे काय केलंय ते आपोआप दिसायला लागेल. कोणी बदलणारा सूर किंचित उठवून दाखवतं. कोणी तीनही सूर इतके सपाट ठेवतं की बदल होऊन गेल्यावर आपल्याला कळतं. दोन्ही करण्यासारख्या गोष्टी आहेत. मला खटकतो तो तिसरा प्रकार, ज्यात डावा हात नुसता थरथरत राहतो आणि बदल वादकालाच ऐकू आलेला नाही असं जाणवतं.

तुकड्याच्या मध्यानंतर एका ठिकाणी शोपॅंनं ‘स्ट्रेटो’ लिहिलंय, म्हणजे पुढे रेटत जा. आवाजही तिथे चढतो. संपूर्ण तुकड्यातला हा एकमेव उद्रेक. बरेच वादक नेमके तिथे भावना दाखवायला मंद होतात. लिहिलंय त्याच्या उलट करायला माझी हरकत नाही, पण त्याचं कारण वादनातून पटायला हवं. त्यानंतर सगळं विझत जातं, एका विचित्र, अडकलेल्या कॉर्डपाशी येऊन थांबतं, आणि शांतता. मग अगदी हळू तीन कॉर्ड. पहिल्या बारपासून ‘ई’ हा मूळ सूर डाव्या हाताच्या तळाशी ठामपणे बसलेला नसतो. तो तिथे येतो तेव्हा तुकडा संपतो. त्या तीन कॉर्डच्या आधीची शांतता वादिकेनं किती धरली, ते बघा. समेची वाट पाहताना तुमचा श्वास अडकतो तसा इथे अडकला, तर वादिकेचं काम झालं. शोपॅंच्या अंत्यविधीला, 30 ऑक्टोबर 1849 ला, पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये जे वाजलं त्यात हे प्रिल्यूड होतं आणि सहावंही होतं, तेही ऑर्गनवर. ऑर्गनचा सूर विरत नाही. पियानोवर विरणाऱ्या सुरांतून हा तुकडा जे करतो ते तिथे कसं पोहोचलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आता ‘संथ’ या आक्षेपाकडे येते. शोपॅंनं या प्रिल्यूड्सना मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे दिलेले नाहीत. चौथ्यावर ‘लार्गो’ आहे, म्हणजे अगदी सावकाश. पण त्याच ओळीत तालाची खूण बारमध्ये दोन मोठ्या मात्रा मोजायला सांगते, चार नाही. चार मोजणाऱ्याला सावकाश वाटणारी गती दोन मोजणाऱ्याला रांगती वाटते. त्यामुळे पावणेदोन मिनिटांत संपवणारा आणि अडीच मिनिटं घेणारा, दोघंही पानाकडे बोट दाखवू शकतात. म्हणून मी घड्याळ बघत नाही. मी बघते ते हे: इतकी संथ लय घेतल्यावर पहिल्या सुरापासून चौथ्या बारपर्यंत एक श्वास टिकतो का? विलंबित एकतालात लय किती उतरवली यापेक्षा त्या लयीत आवर्तन भरलेलं राहतं का, हे तुम्ही बघता ना? अगदी तसंच. लय रिकामी पडली तर संथ, भरलेली राहिली तर संथ म्हणायचं कारण नाही. पहिल्या जाणकारानं संथ म्हटलं त्याला कदाचित आकडा दिसला असेल, दुसऱ्याला श्वास ऐकू आला असेल.

लयीचाच दुसरा भाग म्हणजे रुबातो, लय जराशी मागेपुढे करणं, आणि इथे तुमची तयारी आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आहे. शोपॅंचे शिष्य सांगत की डावा हात हा वाद्यवृंदाच्या संचालकासारखा असावा, त्यानं लय धरावी आणि उजव्यानं हवं तसं मागेपुढे व्हावं, असं गुरुजी शिकवत. तबल्याचा ठेका सरळ चाललाय आणि गायक त्यावर मागे रेलून गातोय, हे तुम्ही आयुष्यभर ऐकलंत. तीच गोष्ट एका माणसाच्या दोन हातांत. माझ्याकडे लहानपणापासून पाश्चात्त्य संगीत शिकलेली मुलं येतात, त्यांना हे समजावताना मला तबल्याचं उदाहरण द्यावं लागतं. पण सावध राहा, आज बरेच वादक दोन्ही हात एकत्रच सैल सोडतात. ती दुसरी रीत आहे, आणि तिच्यातही सुंदर वादन होतं. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये कोणती रीत आहे, हे सातव्या प्रिल्यूडमध्ये लगेच कळेल. ते फक्त 16 बारचं, मिनिटभराचंसुद्धा नाही, आणि त्यात माझुर्का या पोलिश नृत्याचा झोका आहे. डाव्या हाताचा झोका तसाच राहतो का, आणि बाराव्या बारमधल्या मोठ्या, हातभर पसरलेल्या कॉर्डपाशी तो किती वाकतो, एवढं ऐका.

इथवर आलात की हातात तीन गोष्टी असतील: लांब सुरानंतरचा सूर, चौथ्यातला डावा हात, सातव्यातला झोका. मग पंधरावं घ्या, डी फ्लॅट मेजरचं (फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली, शार्प म्हणजे अर्धा सूर वर). ते सर्वांत लांब आहे, पाच मिनिटांच्या आसपास. लोक त्याला पावसाच्या थेंबांचं म्हणतात. ते नाव शोपॅंनं दिलेलं नाही. 1838-39 च्या हिवाळ्यात तो फ्रेंच लेखिका जॉर्ज सांदबरोबर स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या वाल्देमोसा मठात राहिला होता. प्लेयेल कंपनीचा पियानो तिथे पोचायला जानेवारी उजाडला, आणि त्याच महिन्यात त्यानं प्रिल्यूड्सचं हस्तलिखित पॅरिसला धाडलं. काही तुकडे आधीच रचलेले होते. पावसाची गोष्ट सांदनं लिहून ठेवलीय, आणि निसर्गाची नक्कल केली म्हटल्यावर शोपॅं चिडला हेही तिनंच लिहिलंय. मी विद्यार्थ्यांना ते नाव सांगत नाही. ते कळलं की कान थेंब मोजायला लागतो आणि पुन्हा पुन्हा येणारा एकच सूर मधल्या भागात कसा बदलतो ते निसटतं. तोच ‘ए फ्लॅट’ मधल्या भागात ‘जी शार्प’ म्हणून येतो, पियानोवर बोटानं दाबायची पट्टी तीच, पण खाली आता मायनरची अंधारी चाल आहे. मघाशी चौथ्यात शिकलात तेच इथे मोठ्या आकारात आहे. त्या एका सुराचा स्पर्श दोन ठिकाणी वेगळा होतो का, एवढाच प्रश्न वादिकेला विचारा.

विसाव्यात एक छोटी खूण. तिसऱ्या बारच्या शेवटच्या कॉर्डमध्ये कोणी ‘ई’ वाजवतं, कोणी ‘ई फ्लॅट’. छापील पहिल्या आवृत्त्यांत ‘ई’ आहे, आणि एका शिष्येच्या प्रतीत पेन्सिलनं फ्लॅट लिहिलाय. ‘ई’ असला तर तिथे क्षणभर उजेड पडतो, ‘ई फ्लॅट’ असला तर अंधार सलग राहतो. तुमच्या एल.पी.त आणि नव्या रेकॉर्डिंगमध्ये हा सूर वेगळा असेल तर कोणाचीही चूक नाही.

आणि एल.पी.शी ताडून पाहायचं का? पाहा, पण आत्ता नको. आपण जे रेकॉर्डिंग पहिल्यांदा मनापासून ऐकतो तेच मनात ‘बरोबर’ म्हणून बसतं. माझ्याबाबतीत हे घडलंय. माझ्या गुरूंकडे एक तबकडी होती, तीवर मी वाढले. पुढे एक नवं रेकॉर्डिंग हाती आलं तेव्हा मी ते कोरडं म्हणून बाजूला ठेवलं आणि दोन विद्यार्थ्यांना तसं सांगितलंसुद्धा. दोन वर्षांनी तेच चौथं प्रिल्यूड शिकवताना कानाला लावलं आणि लक्षात आलं की त्यातला डावा हात माझ्या आवडत्या तबकडीपेक्षा कितीतरी जास्त स्वच्छ बोलत होता. मला सवयीचा जो दाटपणा हवा होता तो तिथे नव्हता, एवढंच. त्या दोन विद्यार्थ्यांना मी नंतर फोन करून सांगितलं. तेव्हापासून नव्या रेकॉर्डिंगला पंधरा दिवस एकटं ऐकायचं, तुलना नंतर, हा माझा नेम आहे.

तुलना कराल तेव्हा काळही लक्षात घ्या. जुन्या पिढीतल्या पियानोवादक आल्फ्रेड कोर्तोनं 1926 मध्ये आणि पुन्हा 1933-34 मध्ये ही प्रिल्यूड्स वाजवली. त्या पिढीत डावा हात उजव्याच्या किंचित आधी टाकायची रीत होती, आणि चुकीचे सूर राहिले तरी ते तसेच छापले जात. आजची रेकॉर्डिंग्ज अनेक वेळा वाजवून, चांगले तुकडे जोडून तयार होतात. त्यामुळे स्वच्छता हा आज गुणांमध्ये धरता येत नाही, ती गृहीतच आहे. वॉर्सॉच्या शोपॅं स्पर्धेत 1960 ला मावरित्सिओ पोलिनी जिंकला, 1965 ला मार्ता आर्गेरिच. दोघांनीही पुढे, 1970 च्या दशकात, प्रिल्यूड्स वाजवली. पोलिनीत प्रत्येक ओळ कोरल्यासारखी, आर्गेरिचमध्ये एका तुकड्यातून पुढच्यात झेप. दोन्ही मिळतात. एल.पी.च्या जोडीला ही दोन ऐकलीत तर तुमच्या नव्या वादिकेची जागा तुम्हालाच दिसेल.

वाद्यही बघा. कव्हरवर प्लेयेल किंवा एरार असं जुन्या पियानोचं नाव असेल तर आवाज पातळ, लवकर विरणारा आणि वर-खाली वेगवेगळ्या रंगांचा असेल. शोपॅंचा आवडता पियानो प्लेयेलच होता. आजच्या स्टाइनवे कंपनीच्या पियानोवर सूर कितीतरी लांब टिकतो, म्हणून शोपॅंच्या पेडलच्या, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पायाच्या दांड्याच्या, खुणा जशाच्या तशा पाळल्या तर सगळं चिखल होऊ शकतं, आणि वादकाला तडजोड करावी लागते. पेडलचा दणका किंवा वादकाचा श्वास ऐकू येत असेल, तर माइक पियानोच्या फार जवळ होता. तो दोष वादनाचा नाही. मुंबईत जाणं-येणं असेल तर एनसीपीए या कलाकेंद्रात एखादी पियानोची मैफल प्रत्यक्ष ऐका. सूर खोलीत कसा विरतो ते एकदा ऐकलं की रेकॉर्डिंगमध्ये काय राहिलंय आणि काय गेलंय ते कळतं.

पंधरा दिवसांनी सगळी 24 सलग लावा, दारं लावून, पंखा बंद करून, पाऊण तास. आणि तेविसाव्याच्या शेवटी थांबा. ते एफ मेजरमधलं, झुळझुळणारं, निरागस प्रिल्यूड आहे. संपता संपता त्यात एक ‘ई फ्लॅट’ येतो, त्या पट्टीत न बसणारा. तो सोडवला जात नाही, तसाच हवेत राहतो. त्यानंतर डी मायनरचं चोविसावं सुरू होतं, ज्याचा शेवट तळाच्या ‘डी’च्या तीन एकट्या ठोक्यांवर आहे. त्या ‘ई फ्लॅट’नंतर तुमच्या वादिकेनं किती वेळ जाऊ दिला, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला पुढच्या सुराची वाट पाहावीशी वाटली का, ते मला इथेच कळवा. रेकॉर्डिंगचं नावही सांगा, मग मी ते ऐकून माझं मत लिहीन.